दुमिंगला बाहेर बांध

कल्याण, गुरुवार, २७ जानेवारी १८८७

ती. बाय हीस धाकट्या भावाचा, गाबरेलचा नमस्कार.

सुखरूप पोचलो. ठाण्याच्या फलाटावर तू एवढ्या मोठ्यानं ओरडलीस की, 'घरदार असलेला माणूस जंगलात झोपायला जातो हे मी जन्मात पहिल्यांदा बघतेय!' माझ्या डब्यातला पारशी म्हातारा कल्याण येईपर्यंत माझ्याकडे बघून हसत होता. आपल्या कुत्र्याला, दुमिंगला, गार्डाच्या डब्यात बांधलेलं. डोंबिवलीची शेतं मागे पडली तरी त्याचं रडणं ऐकू येत होतं. उतरवून घेतल्यावर मला असा चिकटला, जसा मीच त्याला विकायला आणलेला.

इथल्या बाजारात एक म्हातारं तट्टू भाड्यानं मिळालं. साहेबानं विलायतेला जाताना दिलेली राहुटी, तांदूळ, तवा, घोंगडी, सगळं त्याच्या पाठीवर. उद्या मुरबाडच्या वाटेला लागतो. तिथून नाणेघाटाचा पायथा, मग शहापूर, मग माहुली. डॉक्टर म्हणाला होता ना, हिवताप अंगातून जायला महिनाभर कोरडी हवा पाहिजे. पण तुझ्यापासून काय लपवू, औषध हे निमित्त. लहानपणी खोपटच्या बांधावरून ते डोंगर बघायचो तेव्हापासून मनात होतं.

आता कामाचं. पायसकाका त्यांच्या मर्सीच्या नि माझ्या लग्नाबद्दल ईस्टरनंतर सांगतो म्हणालेत. माझी नोकरी हंगामी, त्यात हा ताप, म्हणून ते का-कू करतात. पण या महिन्यात, तीन राजांच्या सणाला आपल्या घरात, आईच्या आल्तारापुढे, क्रुसासमोर मर्सीनं आणि मी एकमेकांना शब्द दिला. त्याला साक्षीदार तू एकटी. साक्षीदारासमोर शब्द दिला असेल तर देवळात मुलीचं नाव दुसऱ्याशी लग्नासाठी पुकारता येत नाही, हे पाद्रीबाबांनीच शिकवणीत सांगितलंय. तेव्हा तू तिथं आहेस म्हणून मी निर्धास्त इथं आहे. काही वेडंवाकडं कानावर आलं तर मला दोन ओळी टाक. दोन दिवसांत दारात उभा राहीन. पत्र मुरबाडच्या पोस्टात टाक, मी तिथं मागून घेईन.

तुझा
गाबरेल

•

ठाणे, सोमवार, ३१ जानेवारी

चि. गाबू यास बायचा आशीर्वाद.

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात, ते तुला बघूनच म्हटलं असेल. डोंगर काय पळून जाणार होते? पण गेलाच आहेस तर नीट राहा. डोकं भिजवू नकोस. ओढ्याचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नकोस. सुका बोंबील पिशवीत तळाला आहे, तो तुझ्यासाठी आहे, कुत्र्यासाठी नाही.

आणि त्या कुत्र्याचं सांगते. एक तर त्याला ख्रिस्तावाचं नाव ठेवलंत तुम्ही दोघांनी, तू नि मर्सीनं, रविवारी सापडला म्हणून दुमिंग! आपले दुमिंगकाका वर बसून काय म्हणत असतील? ते जाऊ दे. त्याला राहुटीत घेऊन झोपू नकोस. अंगावर गोचिडं, आणि तुझा ताप आत्ताच उतरलाय. दुमिंगला बाहेर बांध. भुंकायला नेलायस ना? बाहेर भुंकेल.

घर रिकामं वाटतं. सवयीनं दोन ताटं घेते आणि एक परत ठेवते.

मर्सी काल देवळात मिसा झाल्यावर भेटली. बरी आहे. तुझी चौकशी केली, मजेत आहे म्हटलं. वेडंवाकडं काही नाही. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस, मी आहे ना.

तुझी
बाय

•

मुरबाड, शनिवार, ५ फेब्रुवारी

ती. बाय हीस नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. पोस्टातला कारकून विचारतो, 'कुठल्या खात्याचे?' म्हटलं, कुठल्याच नाही. तो म्हणाला, 'मग फिरता कशाला?'

हेच सगळीकडे. मी गावात शिरलो की आधी कोंबड्या आत जातात, मग पोरं. कुणाला मी देवी टोचणारा वाटतो, कुणाला जंगलखात्याचा. नाणेघाटाच्या पायथ्याला धोंडीबा म्हणून एक म्हातारा पाटील आहे. त्यानं मला दोन दिवस नुसतं निरखलं. तिसऱ्या दिवशी भाकरी घेऊन आला नि म्हणाला, 'बाबा, तुझं हरवलंय तरी काय? सांग, आम्हीबी शोधू.' मी एवढा हसलो की दुमिंग घाबरून भुंकायला लागला. मग पाटील पण हसला.

पण बाय, सकाळी राहुटीतून डोकं बाहेर काढलं की समोर अख्खा घाट उभा असतो. कुणी हाक मारत नाही, साहेब नाही, घंटा नाही. मी आणि हा कुत्रा. आम्ही दोघं कड्याखाली बसून एकाच ताटातला भात खातो. रागावू नकोस. मर्सीला हे दाखवायचंय. लग्नानंतर तिला इथं आणीन, तू पण चल.

तुझं ऐकून दुमिंगला बाहेर बांधतो. पहिल्या दिवशी फार कुरकुरला, आता गप्प असतो.

मर्सीनं आणखी काही सांगितलं का? नुसतं 'चौकशी केली' काय लिहितेस! मला घरी यावंसं वाटतंय. तू म्हणशील तर माहुली सोडून देतो. पुढचं पत्र शहापूरला टाक.

तुझा
गाबरेल

•

ठाणे, सोमवार, ७ फेब्रुवारी

चि. गाबू यास आशीर्वाद.

खबरदार माहुली सोडलीस तर! निम्म्यात परत आलास की लोक म्हणतील, घाबरून पळाला. अंगावर थोडं मांस चढू दे. पायसकाकाला जावई धडधाकट दिसायला नको?

काल देवळात लग्नांचा पहिला पुकार झाला. उपासाचे चाळीस दिवस लागायच्या आत सगळ्यांना उरकायची घाई. तीन जोडपी आहेत. आणि ऐक, पोट धरून हसशील, त्यातला एक नवरा म्हणजे कोलशेतचा अल्फान्सो! तोच तो मिठागरवाला, दोन वर्षांपूर्वी बायको गेली तो. केसांना काळं लावून पुढच्या बाकावर बसलेला. घामानं ते काळं कॉलरवर उतरलेलं. वधूचं नाव पाद्रीबाबांनी घेतलं, पण नेमकं मागे कुणाचंसं पोर रडायला लागलं. मला नीट ऐकू आलं नाही.

मर्सी होती. निळा झगा घातलेला. बोलणं झालं नाही, घाईत होती.

तुझा लाल सदरा शिवून ठेवलाय. दुमिंगला बाहेरच बांध.

बाय

•

शहापूर, शनिवार, १२ फेब्रुवारी

ती. बाय हीस नमस्कार.

अल्फान्सोची बातमी वाचून पोस्टाच्या पायरीवर एकटाच हसलो. कोण गं ती बिचारी? कुठल्या बापाला एवढी घाई झाली? मिठागरं बघून दिली असेल पोरगी. जन्मभर मीठ फोडत बसेल. माझ्याकडून अल्फान्सोला मुबारक सांग, आणि म्हणावं, केसांचं काळं लग्नाच्या दिवशी तरी जरा पक्कं लाव.

हसलो ते पत्र वाचेपर्यंत. आता रडायचं सांगतो. बुधवारी माहुलीच्या खाली, धाकू ठाकराच्या वाडीजवळ राहुटी ठोकली. धाकूनं बघताक्षणी सांगितलं, 'कुत्रा आत घ्या सायेब. वाघरू पयलं कुत्र्याला न्हेतं.' मी म्हटलं, आमच्या बायनं बाहेर बांधायला सांगितलंय. तो म्हणाला, 'तुमची बाय हितं ऱ्हाते का?' मला त्याचा राग आला. दिवेलागणीला मी भात शिजवत होतो. दुमिंग एकदाच ओरडला. वळून बघतो तर बिबट्यानं त्याची मान धरलेली आणि ओढतोय. बांधलेला होता म्हणून त्याला पळता आलं नाही, आणि बांधलेला होता म्हणूनच नेता पण आला नाही. मी पेटतं लाकूड घेऊन धावलो, धाकू कोयता घेऊन आला. गेला मग.

मान फाटलीय. धाकू झाडपाला वाटून लावतो. दुमिंग माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडून असतो, डोळे उघडे. बाय, तुझा राग नाही. तुला काय माहीत! चूक माझी, मी धाकूचं ऐकायला हवं होतं. आता तो आत झोपतो.

माझं मन उडालंय इथून. स्टेशन जवळच आहे, सकाळी गाडीत बसलो तर दुपारी ठाण्याला. दुमिंगला झोळीत घालून आणीन. तू फक्त ये म्हण.

गाबरेल

•

ठाणे, सोमवार, १४ फेब्रुवारी

चि. गाबू यास आशीर्वाद.

बिबट्या तुझ्यावर आला असता तर! मेणबत्ती लावली आज.

पण आत्ता येऊ नकोस. ओल्या जखमेचा कुत्रा गाडीत घालून आणलास तर मरेल. तो झाडपाला ठाण्यात कोण वाटणार? आठवडाभर तिथंच राहा, त्याला बरं कर, मग राखेच्या बुधवारी, उपास लागेल तेव्हा ये. तोपर्यंत ठाण्यात काय आहे? इथं सगळे राणीच्या ज्युबिलीचे दिवे लावण्यात नि उपासाआधीच्या खाण्यापिण्याच्या, इंत्रूजच्या गडबडीत आहेत.

आणि काल मर्सी स्वतः घरी आली होती. तुला पाहिजे होता ना निरोप? घे. म्हणाली, 'त्याला सांगा, घाई करू नको. पूर्ण बरा होऊन ये. मी कुठं जाते?' डोळ्यांत पाणी होतं तिच्या. बराच वेळ बसली. मी चहा दिला.

काल दुसरा पुकार झाला. सांगण्यासारखं काही नाही.

बाय

•

शहापूर, शनिवार, १९ फेब्रुवारी

ती. बाय हीस नमस्कार.

'मी कुठं जाते?' असं म्हणाली? अगदी तिचंच बोलणं! ते पत्र मी धाकूला वाचून दाखवलं. त्याला काय कळलं देव जाणे, पण तो म्हणाला, 'बाईल चांगली हाय तुमची.' मी म्हटलं, अजून व्हायचीय.

तुझं ऐकून राहिलो ते बरं झालं. दुमिंग उठून चालतो आता. मान वाकडी राहील, पण जगला. काल त्याला खांद्यावर घेऊन माहुलीच्या निम्म्यापर्यंत चढलो. वरून पश्चिमेला लांब खाडीसारखं काहीतरी चमकलं. ठाणं असेल म्हणून मी त्याला दाखवलं. तिकडेच तोंड करून बसला, खाली यायला तयार होईना.

धाकूनं कड्यावरचा मध काढला. एक गाडगं गाडीवरच्या गार्ड अण्णाच्या हाती तुला पाठवतोय, उद्या मिळेल. त्यातला अर्धा मर्सीला दे. थोडा अल्फान्सोच्या मांडवात पण नेऊन दे, शेजारधर्म म्हणून. मी त्याची फार चेष्टा केली, आता वाईट वाटतं. त्याचं पण घर बसू दे.

बुधवारी येतो. नाहीतर त्याच्या आधीच, राहवलं नाही तर! मला सणाचे फुगे ठेव तळलेले.

तुझा
गाबरेल

•

कल्याण, राखेचा बुधवार, २३ फेब्रुवारी

जॉर्जिनास (आता बाय म्हणवत नाही),

राहवलं नाही. काल दुपारच्या गाडीनं ठाण्याला आलेलो. तुला माहीत नाही, कारण मी तुझ्या दारापर्यंत आलोच नाही.

स्टेशनच्या बाहेर पडलो आणि दुमिंग दोरी ओढत सुटला, थेट खोपटला, पायसकाकांच्या दारात. दारात मांडव. मला वाटलं, इंत्रूजचा असेल. काय गाढव मी! दुमिंग माणसांच्या पायांतून आत घुसला आणि पांढऱ्या झग्यातल्या बाईच्या अंगावर दोन्ही पाय ठेवून उभा राहिला. ती मर्सी होती. तिनं त्याला ओळखलं, मग मला बघितलं, मग खाली बघितलं. अल्फान्सोनं कुत्र्याला बुटानं ढकललं. जखम होती तिथंच. टेबलावर माझा मध होता. तू स्वतः नेऊन दिलेला.

सकाळीच लग्नाची मिसा होऊन गेलेली. मला चार तास उशीर झाला.

मर्सीची धाकटी बहीण एडना विहिरीपाशी येऊन रडत म्हणाली, 'ताईनं दुसऱ्या पुकाराच्या दिवशी तुमच्या बायच्या हाती चिठ्ठी दिलेली. तुम्ही आलाच नाहीत.' तिथून पाद्रीबाबांकडे गेलो. मी ओरडलो त्यांच्यावर. ते शांतपणे म्हणाले, 'पोरगी मला सांगून गेली होती, शब्द दिलाय म्हणून. बाप म्हणाला, खोटं बोलते. मी तुझ्या बहिणीला बोलावून क्रुसापुढे विचारलं. ती म्हणाली, असं काही झालंच नाही. तिन्ही रविवार मी वेदीवरून पण विचारलं, कुणाची हरकत? तुझी बहीण तिसऱ्या बाकावर बसलेली. मी काय करणार?'

सांत पेद्रूनं पण येशूला तीनदा नाकारलं. पण कोंबडा आरवल्यावर तो रडला तरी. तू काय केलंस? लाल सदरा शिवलास. डोंबल माझं! मी तुला विचारत होतो, येऊ का, येऊ का, आणि तू मला बोंबील नि गोचिडं लिहीत होतीस. 'मी कुठं जाते' हे वाक्य तू बसून बनवलंस. मी ते खिशात घालून डोंगर चढलो. मला तुझी किळस येते.

त्या चिठ्ठीत काय होतं, तेवढं सांग. दुसरं काही लिहू नकोस. शहापूरच्या पोस्टात टाक.

गाबरेल

•

ठाणे, शनिवार, २६ फेब्रुवारी

गाबू,

चिठ्ठी चार ओळींची होती. 'पुकार सुरू झालाय. बाबा ऐकत नाहीत. बाय साक्ष देतील म्हणून मी घाबरत नाही. पण तू ये.' वाचून चुलीत घातली. तू विचारलंस म्हणून सांगितलं. आता माझं ऐक, मग वाट्टेल ते कर.

आई गेली तेव्हा मी सोळा वर्षांची होते, तू चार. वसईहून मला मागणी आलेली. मुलगा सुतार, चांगला. त्याच्या आईनं एकच विचारलं, 'पोराला बरोबर आणणार का?' मी म्हटलं, हो. ती उठून गेली. तुला कधी सांगितलं नाही. तुझ्या आंघोळीचं पाणी तापवत माझे केस पिकले. आणि ही मर्सी! कानामागून आली नि तिखट झाली. राजांच्या सणाला तुम्ही दोघं आल्तारापुढे हात धरून उभे राहिलात, आणि तू तिला म्हणालास, 'बाय काय, पडवीत राहील.' हसत म्हणालास. मी फुगे तळत होते. मी ते ऐकलं.

मी वाईट ठरवून काही केलं नव्हतं. अल्फान्सोकडून मागणी आली हे मला तू गेल्यावर कळलं. पहिल्या रविवारी उठून बोलणार होते. उठलेच नाही. मग पाद्रीबाबांनी विचारलं तेव्हा तोंडातून 'नाही' आलं. एकदा आल्यावर ते परत कसं घेऊ?

कुमसाराला जाऊन सगळं कबूल केलं. पाद्रीबाबांनी देवाच्या नावानं माफी दिली. पोरगी ओसाड घरात नाही पडली, मिठागरवाल्याच्या घरी गेली, खाऊनपिऊन सुखी राहील. तुला दुसरी मिळेल, मी शोधीन. तू ये रे. ये, आणि चार चपराका मार, पण ये.

दोन ताटं वाढून ठेवते.

तुझी
बाय

•

ठाणे, सोमवार, १८ एप्रिल

पोस्टमास्तर, शहापूर यांनी हे पत्र गाबरेल ख्रिस्ताव येईल तेव्हा त्याच्या हाती द्यावे, ही विनंती.

गाबू,

हे पाचवं पत्र. आधीची चार तू घेतलीस की तशीच पडलीत, कळत नाही. धाकूला विचारलं, तर त्यानं नुसती मान हलवली.

हो, धाकू आलेला. गुड फ्रायडेच्या दिवशी, चालत. दोरीला दुमिंग. मला वाटलं, मागून तू येतोस. मी रस्त्यापर्यंत धावले, पायात वहाण नव्हती. मागे कुणी नव्हतं. धाकू म्हणाला, 'सायबानं सांगितलंय, बाईला सोबत पायजे होती, ही घ्या.' मी विचारलं, साहेब कुठं आहे? म्हणाला, 'घाटावर गेला.' कुठल्या घाटावर? म्हणाला, 'त्ये नगं सांगू, म्हनाला सायेब.' भाकरी दिली, ती पण घेतली नाही त्यानं.

मर्सीबद्दल तू विचारणार नाहीस, तरी लिहिते. ईस्टरला देवळात आलेली. अल्फान्सोच्या पहिल्या बायकोची पोर कडेवर. गालावर वळ होता. माझ्या शेजारून गेली आणि म्हणाली, 'बाय, बऱ्या आहात ना?' एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

काल उपासानंतरचा पहिला पुकार झाला. खाडीकडची दोन जोडपी होती, माझा त्यांच्याशी काही संबंध नाही. पाद्रीबाबांनी नेहमीसारखं विचारलं, 'कुणाला हरकत असल्यास बोलावं.' आणि गाबू, अख्खं देऊळ वळलं आणि माझ्याकडे बघायला लागलं. बायका, पोरं, पायसकाका सुद्धा. पाद्रीबाबा पण थांबले. मी माळेचे मणी मोजत बसले, आणि मोजता येईनात. अजून दोन रविवार आहेत. मग पुढच्या जोडप्यांचे तीन. मी दुसऱ्या देवळात जाऊ का? कुठल्या जाऊ?

दुमिंग माझ्या हातचं खात नाही. ताट ठेवून मी आत गेले की खातो. मान वाकडीच राहिलीय. मी त्याला आत घ्यायला बघते. दोरी सोडली, घोंगडी घातली, तुझ्या खाटेपाशी जागा केली. बोंबील भाजून ठेवला. दार उघडं टाकून मी पडून असते. तो येत नाही. बाहेर, तू ज्या वाटेनं गेलास तिकडे तोंड करून बसतो. आता त्याला कुणी बांधलेलंसुद्धा नाही.

बाय